भोईरबाईंचं ताट

भोईरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शाळेच्या ओट्यावर चक्क पालथ्या पडल्या होत्या. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि हनुवटी फरशीला टेकलेली. भोवती पहिली-दुसरीची दहा-बारा पोरं, तीही तशीच पालथी. मी बदलीची ऑर्डर घेऊन थेट सांगलीहून आलेली. मला वाटलं, बाईंना भोवळ आली. "पाणी आणू का?" असं मी घाबरून ओरडले, तर मान न वळवता त्या म्हणाल्या, "हळू. जाऊ द्या त्यांना."

मीही वाकले. मुंगळे फुलपाखराचा एक पंख उभा धरून नेत होते, अगदी होडीच्या शिडासारखा. तो भेगेत दिसेनासा झाल्यावर बाई उठल्या, साडी झटकली आणि म्हणाल्या, "हे इथंच होता नि मना कुणी सांगितला पन न्हाय!" पोरं खूश होऊन हसली. हे वाक्य त्यांना पाठ होतं, हे मला नंतर कळलं.

आमची शाळा खारबावच्या पुढे, खाडीकडच्या एका गावात आहे. जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची. एका अंगाला गोदामं, दुसऱ्या अंगाला कापड विणायच्या लूमचे कारखाने. त्यांची खडखड दिवसभर चालू असते. निम्मी पोरं गावातल्या आगऱ्यांची, निम्मी लूमवर कामाला आलेल्या भय्या लोकांची. बाई गावच्याच. माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायच्या, पण आनंद झाला की गावचं बोलणं आपोआप बाहेर यायचं, आणि आनंद तर त्यांना उठता-बसता व्हायचा. पहिली-दुसरी त्यांची, तिसरी-चौथी माझी, मधे लाकडी फळ्यांची भिंत. त्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं, आणि नसतं आलं तरी मी कान लावलाच असता. मला जन्मापासून नको तिथं डोकावायची खोड आहे.

बाईंच्या टेबलावर स्टीलचं एक ताट असे. सकाळी प्रार्थनेआधी पोरांनी वाटेत जे काय गावेल ते त्यात आणून ठेवायचं. सावरीच्या बोंडातला कापूस, बगळ्याचं पीस, लूमवरची रिकामी कांडी, रंगीत दोऱ्यांचा गुंता. मग एकेक वस्तू उचलून बाई नवल करायच्या. शाळा सुटली की ताट स्वतः धुऊन, पुसून जागेवर ठेवायच्या. पोरांना हात लावू देत नसत.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी ताटाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, या केरकचऱ्याचा अभ्यासाशी संबंध काय?" बाईंनी ताटातली गोगलगाय उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली. "धरा जरा साहेब, मी वह्या आणते." वह्या आणायला त्यांनी मुद्दाम वेळ लावला, हे मी फळीच्या फटीतून पाहिलं. साहेब हात लांब धरून ताटकळत उभे. परतल्यावर बाईंनी वह्या पुढे केल्या, तर साहेब म्हणतात, "थांबा हो... हात लावला की ही डोळे आत घेते!"

"बघा रे पोरांनो," बाई म्हणाल्या, "साहेबांना पन कुणी सांगितला नव्हता."

माझ्या मनात मात्र शंका होतीच. रोज उठून एवढं नवल वाटतं तरी कसं? मला वाटायचं, बाई नाटक करतात. चांगल्या हेतूने, पण नाटकच. मग एक दिवस मी लवकर येऊन अंगणातला एक साधा खडा गुपचूप ताटात टाकला आणि फटीला डोळा लावून बसले. बाईंनी खडा उचलला, उलटसुलट केला, वर्गावरून नजर फिरवली आणि सरळ फटीकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, तुमचा खडा घेऊन जा."

मधल्या सुट्टीत मी हार पत्करली. म्हटलं, कळलं कसं? त्या हसल्या. "अगं, मी वस्तू कुठं बघते? आणणाऱ्याचं तोंड बघते. या खड्याला तोंडच नव्हतं." मग म्हणाल्या, "वज्रेश्वरीला एवढी रांग लावून देवीचं तोंड दिसतं ते किती? पुजारी लगेच 'चला पुढं' करतो. इथं 'चला पुढं' म्हणणारं कुणी नाही."

बाई मोठ्या देवभोळ्या. पण देवळात जेवढ्या भावाने हात जोडत, तेवढ्याच भावाने पोरांची ती शेंबडी, उजळलेली तोंडं बघत. मला त्यांचा हेवा वाटायचा.

मग बाईंचे यजमान गेले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. घरच्या ओट्यावर चहा घेत बसले होते, कप खाली ठेवला आणि कलंडले. दोन्ही वर्ग माझ्याकडे आले. "बाई कई येतील?" असं पोरं रोज विचारून डोकं उठवायची. मी सांगून टाकलं, "त्यांच्याकडे सुतक आहे. सुतक फिटलं की येतील."

दुसऱ्या दिवशी ताटावर कुणीतरी धुतलेला रुमाल झाकलेला दिसला. धूळ बसू नये म्हणून असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही. तशीही माझी वेगळीच डोकेदुखी सुरू झाली होती. वर्गात कसला तरी कुजका वास येऊ लागला होता. मी कपाटं सरकवली, माळा झाडला, पण मेलेला उंदीर काही सापडेना.

तेराव्यानंतर मी बाईंना भेटायला गेले. देव्हाऱ्याचं दार लावलेलंच होतं. मी तिकडे बघितलेलं त्यांनी बघितलं. "सुतक फिटलं," त्या म्हणाल्या, "पण मी न्हाय उघडला. देवाचं नि माझं मिटलं. दर वर्षी वज्रेश्वरीला जाऊन ओटी भरली, त्या देवीला मी काय कमी केला?"

मी म्हटलं, शाळेत या, बरं वाटेल. त्यांनी मान हलवली. "शाळा पण सोडतेय. उद्या येऊन पोरांना सांगते. पोरगा काहीतरी घेऊन धावत येईल आणि मला काहीच वाटणार नाही, तर मी काय करू? खोटं नवल केलं तर पोरांना कळतं गं. तुझ्या खड्यापेक्षा लवकर कळतं."

मी खरंच घाबरले होते. त्या ताटाशिवाय ती शाळा म्हणजे नुसत्या दोन खोल्या राहणार होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. नेहमी त्या दिसल्या की गलका व्हायचा, आज एकही पोर जागचं उठलं नाही. सगळी शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसलेली. बाई टेबलापाशी गेल्या, सांगायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर रुमालावर पडली.

"हे कुणी झाकला?"

दुसरीतली मनस्वी उभी राहिली. "मी, बाई. तुमाना सुतक हाय ना? सुतक असला का आमचे घरी देव झाकून ठेवतान. म्हनून तुमचा देव पन झाकला."

"माझा देव?" बाईंनी विचारलं.

"रोज धुताव ना तुमी त्याला. आमाना हात पन लावू देत न्हाय."

मी दारात उभी होते. एरवी मला हसू आलं असतं. बाईंनी शेजारच्या बुटक्या बाकाचा आधार घेतला आणि त्यावरच बसल्या. एवढे दिवस त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं म्हणतात. आता घळाघळा पाणी वाहू लागलं. पोरं भेदरली. मागच्या बाकावरून लूमवाल्याच्या अर्शदने हळूच विचारलं, "टीचर, सुतक खतम हुआ क्या? अब खोल दें?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. हा प्रश्न त्यांना घरात, भावकीत कुणी विचारला नव्हता. तिथं तेरावं झालं म्हणजे झालं. मग त्या उठल्या आणि रुमाल आपल्या हाताने बाजूला केला. "हां. फिटला."

वर्गात एकदम दंगा उसळला. देव झाकलेला म्हणून पोरांनी ताटात काही ठेवलं नव्हतं, पण गावायचं थोडंच थांबलं होतं? सगळं दप्तरांत जपून ठेवलेलं. पिसं, शंख, बांगडीच्या काचा, अर्शदच्या निळ्या दोऱ्याचं गुंडाळं. आणि पहिलीतल्या यशने आपली कंपासपेटी उघडली तेव्हा माझा उंदीर सापडला. आत मेलेली चिंबोरी होती, खाडीवरचा बारका खेकडा. वासाने पोरं नाक धरून पळाली, मी पदर नाकाला लावला. यश मात्र पेटी बाईंच्या पुढ्यात धरून उभा. "बाई, बगा! हिचा एक नांगा केवरा मोठा नि एक केवरा बारका!"

मी श्वास रोखला, आणि तो नुसता वासामुळे नव्हे. बाईंनी यशच्या तोंडाकडे पाहिलं. मग चिंबोरी हातात घेतली, नांगा नांग्याला लावून बघितला.

"हे इथंच होता..." त्या म्हणाल्या, आणि पुढचं काही बोलता येईना. हसत होत्या की रडत होत्या, सांगणं कठीण होतं. राहिलेलं वाक्य सगळ्या वर्गाने मिळून पुरं केलं.

शाळा सोडायचं त्या दिवशी बोलायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी त्या हजर होत्या, ताट पुसत होत्या. मला राहवेना. खोड ती खोड. जवळ जाऊन हळूच विचारलं, "बाई, घरी देवापाशी दिवा लावलात?"

"लावला," त्या म्हणाल्या. "उदबत्ती पन लावली. हाताचा चिंबोरीचा वास जाईना ना गं!"