दसऱ्याचं गाऱ्हाणं आणि माझं प्रोफाइल

नोकरी सोडली तेव्हा मला वाटलं होतं, कामं रांग लावून उभी राहतील. पावसाळा सरला तरी रांगेत कुणी नव्हतं. मी अक्षरं काढते. चिवड्याची पाकिटं, लोणच्याच्या बरण्या, अगरबत्तीचे पुडे, यांच्यावरची मराठी नावं. जाहिरात कंपनीतही हेच करत होते, फक्त तिथे ते साहेबांच्या नावावर जमा व्हायचं. म्हणून सोडली.

लालबागच्या आमच्या खोलीत हे बाबांना अजिबात पटलं नव्हतं. त्यांनी गिरणी बंद पडताना पाहिलेली. महिन्याच्या महिन्याला पगार न येणं म्हणजे त्यांच्या लेखी घरात आजारपण आल्यासारखंच. त्यांनी माझ्या मावसभावाला गाठून त्याच्या अंधेरीच्या ऑफिसात माझ्यासाठी एक जागासुद्धा बघून ठेवली होती. हो की नाही ते दिवाळीआधी कळवायचं होतं. चाळीत कुणी विचारलं, "मुलगी काय करते हल्ली?" तर बाबा आपल्या मालवणीत म्हणायचे, "करता कायतरी कॉम्प्युटरवर." त्या 'कायतरी'ने माझं टाळकं फिरायचं.

गिरगावातल्या माझ्या मैत्रिणीने तेव्हा मला हाती घेतलं. ती घरबसल्या लोकांच्या हिशेबांची कामं करते आणि नोकरी-धंद्याच्या साइटवर प्रोफाइल कसं सुधारावं याचा तिने रीतसर कोर्स केला होता.

"नुसतं 'डिझायनर' काय लिहिलंयस? ढिगाने पडलेत डिझायनर. स्वतःला विकायला शीक गं!" ती म्हणाली.

मग आम्ही मला विकायला काढलं. मी झाले 'पॅशनेट व्हिज्युअल स्टोरीटेलर'. त्याखाली 'ब्रँडचा आत्मा शोधणारी', आणि त्याखाली आणखी काहीबाही, जे मला स्वतःलाच दोनदा वाचावं लागलं. फोटोसाठी मैत्रिणीने नवऱ्याचा ब्लेझर आणला. हाताची घडी घालून मी चाळीच्या गॅलरीत उभी राहिले. खांद्यामागे शेजारच्या काकांचा बनियन वाळत होता. तो फोटोतून कापला तर माझा कानही गेला.

आईने फोटो निरखून पाहिला. "ह्यो कोट कोणाचो? वकील झालंस काय गो?"

प्रोफाइल पाहून गेले ते एक विमा एजंट, माझ्यासारखेच दोन स्टोरीटेलर आणि मावसभाऊ. अनोळखी असा निरोप एकच आला. दादरच्या एक बाई घरगुती मसाले करून विकत होत्या. त्यांनी विचारलं होतं, 'आत्मा शोधता म्हणजे नेमकं काय करता?' मी त्यांना लांबलचक उत्तर पाठवलं. त्यावर त्या गप्पच झाल्या. मी त्यांच्या जागी असते तर मीही झाले असते.

अशात दसरा आला. गिरणीत असताना बाबा दसऱ्याला मशीनला हार घालायचे. गिरणी गेली, हार राहिला. तो पुढे आईच्या शिवणयंत्राला मिळू लागला. यंदा आईने पाटावर माझा लॅपटॉप आणि अक्षरं काढायचं पेनही ठेवलं. बाबांनी ते तसंच राहू दिलं. मला वाटलं, सणाचा दिवस म्हणून सोडून दिलं असेल.

पूजा झाली की बाबा गाऱ्हाणं घालतात. आम्हा कोकणातल्या माणसांत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. घरातल्या मोठ्याने देवासमोर उभं राहायचं, कोण कशासाठी आलंय ते सांगायचं आणि काय हवं ते मागायचं. बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणत होकार द्यायचा. होकाराला शेजारचे काका-काकूही आले होते.

बाबांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या माझा चेडू नोकरी सोडून घराक बसलेला आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेजारचे काका जरा जास्तच जोरात म्हणाले. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मीच. मी दात आवळले. घरचं झालं थोडं, आता देवासमोरही माझी शोभा.

"पण उगीच बसलेला नाय! लोकांचो माल चांगलो आसता, पाकीट बरा नाय म्हणून पडून रवता. ता पाकीट ह्या चांगला करून देता. मराठी अक्षर असा काढता, चष्मो नसताना माका लांबसून वाचूक येता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ज्येंका असा पाकीट व्हया आसात, त्येंची पावला ह्या घराकडे वळव. आणि पैसे येळेर देणारी गिऱ्हायका धाड!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी सगळ्यात मोठा आवाज माझा होता, आणि तो मध्येच फाटला.

बाबांनी नारळ फोडला, मला खोबरं दिलं आणि काहीच न घडल्यासारखे चहा मागू लागले. मी आईच्या मागे स्वयंपाकाच्या ओट्याशी गेले. बाबांना हे सगळं कुठून माहीत, म्हणून विचारलं.

"तू भितीक कागद चिकटवन् जातंस ना," आई म्हणाली. "तू भायर गेलंस की तुझो बापूस चष्मो काढून गॅलरीत उभो रवता आणि थयसून वाचता. एकदा वाचूक नाय इला तर दिवसभर तोंड पाडून होतो."

मला रडू आलं, आणि हसूही. माझी बाजू इतकी नीट मला स्वतःलाही कधी मांडता आली नव्हती. गाऱ्हाण्यात फुशारकी मारून चालत नाही, समोर देव असतो. आणि लाजूनही चालत नाही, कारण मागायला तर उभे असतो. मी आणि माझ्या मैत्रिणीने मिळून फुशारकी मारली होती, आणि मागायचं मात्र राहूनच गेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी प्रोफाइल पुसून काढलं. नव्याने लिहिलं: 'मी पाकिटांवरची आणि बरण्यांवरची मराठी अक्षरं काढते. ती लांबून, चष्म्याशिवाय वाचता येतात. तुमचा माल चांगला असेल आणि पाकीट बरं नसेल, तर मला काम द्या.' खाली एका चिवड्याच्या पाकिटाचं आधीचं रूप आणि नंतरचं रूप लावलं. ब्लेझर परत केला. फोटो टेबलाशी बसून काढला, बोटाला शाई होती ती तशीच ठेवली. मैत्रीण म्हणाली, "फारच साधं झालंय यार." मग तिने ते पुन्हा वाचलं आणि तिचंही बदलायला घेतलं.

दादरच्या बाईंचा निरोप आठवडाभरात आला. 'आता कळलं तुम्ही काय करता. माझ्या मसाल्याची पाकिटं बघायला येता का?' मी गेले. मालवणी मसाला, गोडा मसाला, मेतकूट, सगळ्यांचं काम मिळालं, आणि अर्धे पैसे त्यांनी आधीच दिले. त्यांनी पुढे त्यांच्या नणंदेला माझं नाव सांगितलं, तिची कोकम सरबताची बाटली आली. दोन कामांवर संसार उभा राहत नाही, हे मलाही कळत होतं. पण सुरुवात तर झाली होती.

दिवाळी तोंडावर आली. मावसभावाचा फोन आला तेव्हा आई चकल्या तळत होती आणि बाबा कॉटवर पेपर वाचत होते. खोली एवढीशी, चोरून बोलायला जागा कुठली! मी तिथेच उभी राहून बोलले.

"दादा, तू जागा अडवून ठेवलीस, उपकार झाले रे. पण मी नाही येत. मी घरूनच माझं काम करणार आहे."

"बरं, कळवतो तसं," म्हणून त्याने फोन ठेवला. इकडे चकल्यांचा चुरचुराट तेवढा चालू होता. बाबांकडे बघायचं मला धाडस होईना.

पेपर खाली आला नाही. त्याच्यामागून फक्त आवाज आला.

"व्हय म्हाराजा."