मावशींचं भाषांतर

नवऱ्याचा मार सोसून थकलेली माझी मैत्रीण एक बॅग घेऊन इथे अमेरिकेत, हर्नडनला आमच्या घरी राहायला आली. कोर्टानं नवऱ्याला तिच्यापासून लांब राहायला आणि पिस्तूल देऊन टाकायला सांगितलं. त्यानं ते दिलं, पण त्याच घरात राहणाऱ्या सख्ख्या भावाला. म्हणजे पिस्तूल एका बेडरूममधून दुसऱ्या बेडरूममध्ये गेलं, एवढंच.

अशा माणसाची हत्यारं घराबाहेरच गेली पाहिजेत, असं एक विधेयक राज्याच्या राजधानीत, रिचमंडला, विधिमंडळाच्या कमिटीपुढे येणार होतं. मैत्रिणीनं तिथे बोलायचं ठरवलं. मी सुट्टी काढली. नागपूरच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या माझ्या सासूबाई स्वतःहूनच गाडीत येऊन बसल्या. पोचल्यावर बोलणाऱ्यांत त्यांनी आपलंही नाव देऊन टाकलं. काय बोलणार विचारलं, तर म्हणाल्या, "बघू."

विधेयकाला विरोध करणारे छातीवर बंदुकीच्या हक्काचे स्टिकर लावून पुढच्या रांगांत बसले होते. बोलायला प्रत्येकाला जेमतेम वेळ. मैत्रीण माइकपाशी गेली आणि पहिल्याच वाक्याला तिचा आवाज बसला. पाणी पिऊन तिनं पुन्हा सुरुवात केली, पण पिस्तुलापर्यंत पोचायच्या आतच वेळ संपल्याचा बझर वाजला. अध्यक्षांनी आभार मानले. ती मान खाली घालून वळली.

पुढचं नाव सासूबाईंचं. त्यांनी मैत्रिणीचा हात धरून तिला तिथेच थांबवलं. मग अशा मोडक्यातोडक्या इंग्रजीत, जे मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं, सांगितलं की आपण हिची मावशी, आपल्याला इंग्रजी येत नाही, भाषांतर हीच करेल. अध्यक्षांनी मान डोलावली.

अतिशय गंभीर चेहऱ्यानं सासूबाई मराठीत म्हणाल्या, "घाबरू नकोस, तो इथे नाहीये. तुझं राहिलेलं सांग आता."

मैत्रीण क्षणभर गडबडली. मग समोर बघून इंग्रजीत सांगू लागली. नवऱ्यानं एका ओळखीच्या माणसाकरवी तिला निरोप पाठवला होता : भावाच्या खोलीला कुलूप नसतं. सासूबाई मधूनमधून "हळू बोल", "पाठ ताठ ठेव" अशी भर घालत होत्या आणि मैत्रीण त्याचं भाषांतर म्हणून पुढची हकीकत सांगत होती. मी हसू दाबायला गाल आतून चावत बसले होते.

विधेयक अगदी थोड्या मतांनी तरलं, पण पुढे सरकलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये कमिटीची एक तरुण असिस्टंट आमच्यामागे धावत आली. "काकू, आय अंडरस्टूड एव्हरीथिंग," ती हळूच म्हणाली. तिचे आईवडील सोलापूरचे निघाले. सासूबाईंनी झकास इंग्रजीत तिच्या मराठीचं कौतुक केलं.

उन्हाळ्यात कायदा लागू झाला. मैत्रीण पुन्हा कोर्टात गेली आणि पिस्तूल एकदाचं त्या घरातून गेलं. नंतर तिनं जवळच स्वतःचं अपार्टमेंट घेतलं. पडदे सासूबाईंनी निवडले, भडक केशरी. बिचारीनं ते तसेच लावून टाकले.