परतीचं पाकीट

लीलाधरची कथा परत आल्याचं असोद्यात त्याच्या आधी नथ्थू पोस्टमनला कळायचं. मासिकाला कथा पाठवताना स्वतःचा पत्ता लिहून, तिकिटं लावून एक पाकीट सोबत जोडायचं असतं. नापसंत कथा त्यातून परत येते. पाकिटावर लीलाधरचंच अक्षर दिसलं की नथ्थू दारातून ओरडायचा, "लीलाधरभाऊ, तुह्यंच तुले आलं!"

लीलाधर वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होता. अकरा वर्षं लिहीत होता. एक ओळ छापून आली नव्हती. शहाऐंशीच्या हिवाळ्यात मात्र पाकिटातून पहिल्यांदा संपादकांच्या हातची चिठ्ठी निघाली. कथेतली बाई नवऱ्याला अग्नी दिल्यावर तिसऱ्या दिवशी केळीला पाणी भरायला जाते. 'हे अस्वाभाविक वाटते. तिला घरी बसून रडू द्या. शेवट बदललात तर छापू.'

चार दिवस तो रडणारी बाई लिहीत राहिला. ती रडायची आणि कागदावरच मरून पडायची.

रविवारी दोस्ताच्या, चुडामणच्या मळ्यात भरीत होतं. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी काळी पडत होती.

"लीलाधर, तुह्या गोष्टी आन बरं इकडी," चुडामण म्हणाला. "जाळ कमी पडू राह्यला."

सगळे हसले. लीलाधरनं खरंच खिशातून कागद काढले आणि वाचायला लागला. आधी रडण्याचा शेवट वाचला. कुणीतरी मिरच्या ठेचायला घेतल्या. मग पाण्याचा वाचला, तेव्हा वांगी सोलणारे धुरपदाबाईचे हात थांबले. ती चुडामणची चुलती. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली.

"तिसऱ्या दिवशी?" ती म्हणाली. "मी तं दुसऱ्याच दिवशी गेली व्हती. वैशाख व्हता, पान्याबिगर केयी उभ्या जयत व्हत्या. लोकं म्हने, या बाईले काही हाये का नाही?"

"मग रडली कधी, अक्का?" लीलाधरनं विचारलं.

"पानी भरता भरता. तठी कोन पाहाले येते?"

घरी येऊन लीलाधरनं 'तिसऱ्या' खोडून 'दुसऱ्या' लिहिलं. रडणं लिहिलं नाही. अक्कानं जे कुणाला दिसू दिलं नव्हतं, ते दाखवणारा तो कोण? कथा त्याच संपादकांना पाठवली. सोबत परतीचं पाकीट मात्र जोडलं नाही.

पंधरा दिवसांनी नथ्थू सायकल भिंतीला टेकवायचंही विसरला. पाकिटावर परकं अक्षर होतं.

"भाऊ, छापली! पेढे काढा!"

आत कथाच होती, सोबत चिठ्ठी. 'सुचवलेला बदल दिसत नाही.'

नथ्थूचा चेहरा उतरला. "आता?"

"आता थांब इथीच."

लीलाधरनं उंबऱ्यावर बसून नव्या पाकिटावर दुसऱ्या मासिकाचा पत्ता लिहिला, कथा आत घातली, डिंक लावला.

"आन परतीचं पाकीट?" नथ्थूनं विचारलं.

"ते बंद."