मानेमागचा हात

संक्रांतीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता, मालवीय नगरातल्या आमच्या गच्चीवर, मी शेजारच्या भाईसाहेबांच्या तोंडावर गुद्दा हाणला. ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, म्हणजे सत्तरीचे. चष्मा फुटला, नाकातून रक्ताची धार लागली आणि त्यांच्या हातातली मांजाची चरखी गडगडत पाण्याच्या टाकीखाली गेली. आजूबाजूच्या गच्च्यांवर 'वो काटा'चा गजर चालू होता, त्यामुळे क्षणभर कोणाला काही कळलंच नाही. मला मात्र मजा वाटली. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू?

भांडण त्यांच्या स्पीकरवरून होतं. माझ्या बायकोला आवाज सहन होत नाही, हे मी दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

बायकोला दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, दिवसातून आठ-दहा वेळा तिला उचलायचं काम माझं. त्याची एक रीत असते. तिने डावा हात माझ्या मानेमागे टाकायचा, मी तिच्या कमरेला कव घालायची, 'एक, दोन, तीन' म्हणायचं आणि दोघांनी मिळून उठायचं. एकदा 'तीन' म्हटल्यावर माझ्याच मांड्या लटपटल्या आणि आम्ही दोघं फरशीवर. तिच्या कपाळाला खोक पडली.

"बाबा, तुमच्याने नाही होत आता," मुलगा फोनवर म्हणाला. "आईला मी पुण्याला घेऊन येतो. तुम्हीही या." ते 'तुम्हीही या' त्याने खरेदीवर फुकट मिळणाऱ्या वस्तूसारखं शेवटी जोडलं. मी फोन आपटला. नोकरीभर बदल्यांमागे फरफटवलेल्या बायकोला निवृत्तीनंतर इथे एक हक्काचं घर दिलं होतं. तिला माझ्या हातून कोणी नेऊ शकत नव्हतं.

ताकद कुठे गेली म्हणून डॉक्टरांकडे माझं रक्त तपासलं, तर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी निघालं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "इस उम्र में होता है. एक बार फिर जाँच करेंगे. तब तक बिना हाथ टेके कुर्सी से उठिए-बैठिए, थोड़ा वजन उठाइए, दाल-पनीर बढ़ाइए." खुर्चीतून उठा-बसा! मी काय बालवाडीत होतो? अख्खी विमा कंपनीची शाखा ज्याला टरकून असायची, तो माणूस मी.

कोचिंग क्लासच्या तळघरातल्या जिमचा ट्रेनर मला जास्त पटला. "अंकलजी, दो महीने में शेर बना दूँगा," तो म्हणाला. दर आठवड्याला कुल्ल्यात सुई टोचून घ्यायला लागलो. बाटलीत काय आहे, हे मी विचारलंही नाही.

फरक पडला. जोडीला वजनंही उचलत होतो, त्यामुळे श्रेय कोणाचं ते देव जाणे. पण 'तीन' म्हटलं की बायको अलगद वर यायला लागली. मुलाला व्हिडिओ काढून पाठवला.

आणि मी पेटलो. न्हाणीघराचं दार अडकलं, तर लाथेने बिजागरीसकट उखडलं. कोथिंबीर शिळी दिली म्हणून भाजीवाल्याची गचांडी धरली. माझ्याच हातून भात करपला, तर कुकर भिंतीवर भिरकावला. शितं बायकोच्या केसांत उडाली. ती डाव्या हाताने एकेक वेचत राहिली. माझा जोम बघून तिला बरं वाटत असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

तर संक्रांतीला, भाईसाहेबांना त्यांच्या घरच्यांनी धरून नेल्यावर, मी खाली आलो. बोटांवर रक्त होतं, त्यांचं आणि थोडं माझं. बायकोला बाल्कनीत न्यायचं होतं, पतंग दाखवायला. "चल," म्हणत मी वाकलो आणि मान पुढे केली.

हात आला नाही. तो तिने स्वतःच्या तोंडावर घेतला होता, कोपर माझ्याकडे करून.

ते कोपर मी ओळखलं. लग्नानंतरची पंधरा-वीस वर्षं मी ते कितीतरी वेळा पाहिलं होतं. आमटी खारट झाली म्हणून, मुलगा नापास झाला म्हणून. मग कधीतरी ते दिसेनासं झालं आणि मला वाटलं, मी सुधारलो.

आजारानंतर तिची जीभ जड झाली आहे. एकेक शब्द ओढून काढत ती म्हणाली, "अहो, तुमच्या अंगातला जोर गेला होता ना... ती वर्षं बरी गेली हो माझी."

इंजेक्शनं त्याच दिवशी बंद केली. डॉक्टरांना जाऊन विचारलं, हे सगळं औषधामुळे झालं ना? "हो सकता है," ते म्हणाले. "पर सबको ऐसा नहीं होता. ग़ुस्सा पहले भी आता था क्या?"

"नहीं जी," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात मुलगा आला. तिनेच बोलावलं होतं. खाली गाडी उभी होती आणि मी तिची खुर्ची घट्ट धरून ठेवली होती, हलू नये म्हणून. हातांत अजून जोर होता. मुलगा तिच्यापुढे वाकला. त्याने 'एक' म्हणायच्या आतच तिचा हात त्याच्या मानेमागे गेला.