उन्हात न पाहिलेला मोरपंखी

माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे असं माझी बायको चारचौघांत सांगते. सांगू दे. सुरतजवळच्या पलसाण्याच्या ऑफिसातली ती दुपार तिलाही ठाऊक नाही — आजवर कुणालाच नाही. आता तुम्हाला सांगतोय, तेही अडखळतच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हायवेवरच्या, कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलमध्ये मी कारकून होतो. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली, त्यात आम्ही तिघं. मी, तयार माल रवाना करणारे हसमुखभाई, आणि रंग बनवणारा भास्कर मास्तर. भास्कर आमच्या धुळ्याकडचा, सुरतेत डिंडोलीला माझ्याच गल्लीत राहायचा. मला आप्पा म्हणायचा. सकाळच्या टेम्पोत माझी जागा धरून ठेवायचा.

माझं काम तसं सोपं. माल रंगवण्याआधी भास्कर नमुन्याचा तुकडा पाठवायचा. तो मी व्यापाऱ्याच्या तुकड्याशी ताडून बघायचा आणि चिठ्ठीवर सही करायची. नियम एकच — बघायचं ते दाराबाहेर, उन्हात. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

पण शेठचा देव्हारा ऑफिसात, म्हणून आम्ही सगळे आत अनवाणी. मे महिन्यात दाराबाहेरची फरशी नुसती पेटलेली असायची, तिथे पडलेल्या चपलांत पाय घालवत नसे. त्या दिवशी मी उठलोच नाही. खुर्चीत बसून दोन तुकडे शेजारी ठेवले, मोरपंखीला मोरपंखी जुळला, सही ठोकली. तळपाय भाजतील म्हणून! दुसरं कारण असतं तर मलाही बरं वाटलं असतं.

आठवड्याने अख्खा माल परत आला.

हसमुखभाई आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. दिवसा ते दार कधी लागलेलं मी पाहिलं नव्हतं. एरवी हा माणूस मोठ्याने बोलायचा, हसायचा. त्या दिवशी बाहेरच्या मशिनींची घरघर तेवढी ऐकू येत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं — कळलंच होतं की. त्यांनी परत आलेल्या मालातली एक साडी खिडकीतल्या उन्हात धरली. सरळ निळी.

"आ शेड कोणे पास कर्यो?"

भास्कर म्हणाला, नमुना पास झाला तसाच मी रंगवला. मग माझ्याकडे वळला. घाबरला नव्हता हो तो! अगदी निर्धास्त होता.

"सांग ना त्याले, आप्पा. उजेडमा देखेल शे ना?"

चिठ्ठी माझ्याच ड्रॉवरमध्ये होती, नमुना तिलाच टाचलेला — उन्हात धरला असता तर तोही निळाच दिसला असता. चुकलं म्हणालो असतो तर काय झालं असतं? शिव्या बसल्या असत्या. फार तर नोकरी गेली असती. मी म्हणालो, "उन्हातच बघितला होता. नमुना बरोबर होता."

कळतंय ना तुम्हाला? नमुना बरोबर, म्हणजे चूक रंगवणाऱ्याची. हसमुखभाईंनी त्याला चोर म्हटलं — चांगला रंग बाहेर विकतोस आणि इथे भेसळ करतोस. भास्करने त्यांची कॉलर धरली. त्यांनी कापड मोजायचा लोखंडी गज उचलला. पहिला घाव खांद्यावर बसला. त्याच्या आणि दुसऱ्याच्या मध्ये वेळ होता. फार नाही, पण एक वाक्य बोलता आलं असतं. मी ड्रॉवर दाबून धरून उभा होतो. दुसरा घाव कानावर बसला.

रक्त बघून हसमुखभाई मटकन खाली बसले. टेम्पोत घालून दवाखान्यात मीच नेलं त्याला. संध्याकाळी परत येऊन चिठ्ठी फाडली, नमुना खिशात घालून नेला आणि वाटेत नाल्यात टाकला. हात थरथरत होते असं सांगावंसं वाटतं. नव्हते थरथरत.

भास्करचा डावा कान कायमचा गेला. नोकरी गेली. आणि भेसळ करणारा म्हणून नाव असं पसरलं, की पलसाण्यापासून सचिन गावापर्यंतच्या एकाही मिलमध्ये कुणी त्याला रंगाच्या बादलीजवळ उभं केलं नाही. डिंडोलीत तो भाजीची गाडी लावू लागला. माझ्यावर त्याला कधी संशय आला नाही. मशिनीनेच दगा दिला असेल, म्हणायचा. मी दवाखान्यात नेल्याचं भाजी घ्यायला येणाऱ्याला कौतुकाने सांगायचा, "आप्पा व्हता म्हनीसन वाचनू." मी गाडीपाशी असलो तरी सांगायचा. मी भेंडी निवडत राहायचो.

पुढे त्याच्या मुलीचं लग्न झालं. आमच्याकडे मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी देतात. सख्खा मोठा भाऊ मांडवात बसलेला असताना भास्करने पहिली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, आणि मुलीला माझ्या पाया पडायला लावलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.