एका बोटाचं जू

चांगुणाबाईचा राग सगळ्या वाडीला ठाऊक होता, पण तो वांझोटा राग नव्हता. उगाच कुणाच्या वाटेला जाणारी बाई नव्हती ती. सोनपेठपासून दोन कोसांवरच्या त्या वाडीत बैलगाडी हाकणारी ती एकटी बाई, आणि तेही काही हौस म्हणून नव्हे. घरच्या म्हशींचं आणि शेजारपाजारचं दूध रोज सकाळी सोनपेठला डेअरीत पोचवायचं असे, आणि नवरा व्यंकटी सूर्य कासराभर वर आल्याबिगर अंथरूण सोडायचा नाही. मग गाडी हाकायची कुणी? सुरुवातीला पारावरचे लोक दात काढायचे, बाईमाणूस कासरा धरायलंय म्हणून. तुमच्या बाया डोक्यावर सरपणाचा भारा आणतात तेव्हा तुमचं तोंड कुठं जातं, असं तिनं एकदा गाडी थांबवून विचारलं. तेव्हापासून पार गप्प झाला तो झाला.

बैल तिच्या माहेरचे. माहेर बोरीचं, जिंतूर तालुक्यातलं. पहिल्या बाळंतपणाहून सासरी धाडताना बापानं लेकीबरोबर दोन गोऱ्हे दिले होते. लाल कंधारी, अंगानं ठेंगणे पण गोटीबंद. एक हरण्या, दुसरा पाखऱ्या. बापानं गोऱ्ह्यांबरोबर एक गोष्ट पदरात बांधून दिली होती. गाडी भरली की जू एका बोटानं उचलून बघायचं. बोटावर उचललं तर गाडी बरोबर. दोन्ही हात लागले तर गाडी धुरजड, म्हणजे सगळा भार बैलाच्या मानेवर. आणि जू आपसूक वर गेलं तर गाडी उलाळ, मागं कलंडणारी. हे सगळं ठरतं चाकावर, बाप सांगायचा. ठेंगण्या बैलाला ठेंगणं चाक, उंच बैलाला उंच. यात तुझी-माझी आवड चालत नाही. चांगुणाबाई दुधाचे कॅन लावून झाले की रोज सकाळी जुवाखाली बोट घालायची, मगच बैल जुंपायची.

त्या गाडीनं काय काय ओढलं नसेल! दूध तर रोजचंच. सासू कस्तुराबाईचे गुडघे गेलेले, तिला देवाला, दवाखान्याला, लेकीच्या घरी न्यायचं ते याच गाडीतून. अडलेली बाळंतीण असो की कापसाचं बोचकं, हीच गाडी. नामांतराच्या बंदात एसटी उभ्या राहिल्या, तेव्हा सोनपेठला जायचं म्हणून माणसं चांगुणाबाईच्या दारात पहाटेपासून उभी असायची. तिनं कुणाची जात विचारली नाही आणि कुणाला विचारूही दिली नाही. एकानं नाक मुरडलं तर त्याला तिथंच उतरवून म्हणाली, पायानं चाल, पायाला जात नसती.

आणि हीच गाडी पटालाही, म्हणजे बैलांच्या शर्यतीलाही पळायची. चैत्रात जत्रा भरल्या की व्यंकटी गाडीचा साटा, म्हणजे ओझं ठेवायची वरची चौकट, काढायचा, नुसता सांगाडा ठेवायचा आणि हरण्या-पाखऱ्याला शंकरपटाला घेऊन जायचा. वर्षभर जांभया देणारा माणूस त्या चार दिवसांत वाऱ्यासारखा हिंडायचा. चांगुणाबाईनं त्याला कधी आडकाठी केली नाही. उलट पटाच्या दिवशी तीही पोळी-भाजी बांधून जायची, बायकांच्या घोळक्यात उभी राहायची आणि आपले बैल सुटले की डोक्यावरचा पदर कुठं गेला याचं तिला भान राहायचं नाही. ठेंगणे बैल, पण पळायला लागले की पोटं जमिनीला लागतात की काय असं वाटायचं. पहिल्या नंबराचं निशाण कधी मिळालं नाही. तिला त्याचं काही वाटायचं नाही. व्यंकटीला मात्र लय वाटायचं.

त्या वर्षी जत्रेत निशाण गंगाखेडकडच्या लिंबाजीनं नेलं. लिंबाजी म्हणजे पटातला जुना खेळ्या, उंच खिलारी जोडी, गालात कायम पान. व्यंकटी दुसरा आला आणि त्याच्या जिवाला घोर लागला. पहिला येणारा निशाण नेतो, तिसऱ्या-चौथ्याला दुःख नसतं, दुसरा मात्र वर्षभर जळतो. हलग्यांच्या दणदणाटात त्यानं लिंबाजीला गाठलं आणि विचारलं की दादा, आमचं काय कमी पडतंय? लिंबाजीनं पानाची पिंक टाकली आणि म्हणाला, "धाव कमी पडतीय. धाव वाढव."

आता चाकावर जी लोखंडाची पट्टी बसवतात तिला म्हणतात धाव. व्यंकटीनं तेवढंच ऐकलं. धाव वाढवायची म्हणजे चाक मोठं करायचं. तरीच म्हटलं लिंबाजीची गाडी एवढी उंच कशी! अहो, निशाण घेऊन चाललेल्याची गाडी उंचच दिसते. पण हे त्याला कोण सांगणार? चांगुणाबाई त्याच आठवड्यात भावाच्या मुलाच्या बारशाला बोरीला गेलेली. तेवढ्यात व्यंकटीनं बन्सीधर सुताराचं दार गाठलं. बन्सीधरनंही विचारलं नाही की बाबा, तुझे बैल एवढे, चाकं एवढी कशाला? सांगितलं तसं करून दिलं, आणि जुनी चाकं मोडून त्यांचं लाकूड दुसऱ्या कामाला लावलं.

चांगुणाबाई परतली आणि दारात गाडी बघून जागच्या जागी थबकली. चाक तिच्या छातीला लागत होतं. तिला आधी वाटलं, कुणा पाव्हण्याची गाडी असेल. मग साट्याची आपल्या हातानं बांधलेली दोरी दिसली. जिनं रोज गाडी हाकायची तिला न विचारता, जिच्या बापाचे बैल तिला न विचारता, चाकं बदलून मोकळा झाला होता हा माणूस! तिनं विचारलं तर व्यंकटी हसत म्हणाला की मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जमीन खातं, पुढच्या साली निशाण आपलंच. आणि दूध? दुधाचं काय, दूध त्याच गाडीत जाईल की.

गेलं दूध. कसं गेलं ते चांगुणाबाईला विचारा. चाकं उंच झाली, गाडी वर गेली, पण बैलांच्या माना होत्या तिथंच. म्हणजे गाडीचं तोंड खाली. कॅन दोरीनं मागं बांधले तरी ओढ्याच्या उतारावर पुढं सरकायचे आणि सगळा बोजा जुवावर यायचा. पहिल्याच दिवशी तिनं जुवाखाली बोट घातलं, मग दोन बोटं, मग हात, मग दोन्ही हात. जू जेमतेम हललं. तिनं व्यंकटीला बोलावून दाखवलं. त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि सवय होईल म्हणाला. कुणाला सवय होईल, असं तिनं विचारलं. त्यावर तो तंबाखू मळत निघून गेला.

पटाला गाडीवर असतो एक माणूस, तोही मागं सरून उभा. तिथं उंच चाक खपून जातं, कारण धावायचं ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत. रोजच्या वाटेला ओझं असतं, चिखल असतो, खड्डे असतात. एवढी साधी गोष्ट! पण निशाणाचं वेड लागलेल्याला ती दिसत नाही. कस्तुराबाईला तर गाडीत चढताच येईना. स्टूल लावून बघितलं, दोघी बायांनी धरून बघितलं, म्हातारी शेवटी म्हणाली की राहू द्या, आता मला एकदम खांद्यावरच न्या. चांगुणाबाईनं गाडीत बसणं सोडलं. आपला तरी भार नको म्हणून ती बैलांच्या बाजूनं पायी चालायला लागली, जाताना दोन कोस, येताना दोन कोस. लोक विचारायचे, गाडी असून पायी का? ती सांगायची, गाडी घरधन्याच्या हौसंची हाय, पाय माजे हायत.

एवढं करूनही आषाढात हरण्याचा खांदा आला. आधी सूज, मग कातडं फुटलं. हळद झाली, तेल झालं, जुवाला चिंध्या गुंडाळून झाल्या. बैल बिचारा जू दिसलं की मान बाजूला घ्यायचा, आणि तिनं हाक मारली की पुन्हा आणून द्यायचा. खांदा गेलेला बैल बाजारात जातो, आणि बाजारातून कुठं जातो ते घरात कुणी बोलत नाही. बापानं पोरीसारखा सोबत धाडलेला बैल, त्याचं असं होणार, आणि कशासाठी? जत्रेतल्या एका फडक्यासाठी!

पोळ्याआधीच्या बाजाराला व्यंकटी गोंडे आणि घुंगरं घ्यायला तिच्याबरोबर सोनपेठला आला. बाजारात लिंबाजी भेटला. त्यानं गाडीकडं पाहिलं, बैलांकडं पाहिलं, हरण्याच्या मानेवर हात ठेवला आणि झटक्यानं काढून घेतला. त्यानं विचारलं, ही असली चाकं कुणी घालून दिली? व्यंकटी गोंधळून म्हणाला की दादा, तुम्हीच तर सांगितलं होतं, धाव वाढव.

"आरं, बैलाची धाव म्हणलो मी," लिंबाजी म्हणाला. "रोज रानात पळवीत जा म्हणलो. चाकाचं कोण बोललंय?"

आणि त्यानं पुढं हेही सांगितलं की त्याची स्वतःची पटाची गाडी खिलारांच्या मापाची आहे, आणि ओझ्याला घरात दुसरी गाडी आहे. व्यंकटीनं एका गाडीवर दोन्ही कामं चालवायची आणि चाकं मात्र पटाची घालायची, हे त्याला ऐकूनच नवल वाटलं. आजूबाजूचे दोघं-चौघं हसले. चांगुणाबाई हसली नाही. एका शब्दापायी! विचारायला तोंड होतं, बघायला डोळे होते, आणि हिच्या बैलाची मान सोलली गेली एका शब्दापायी.

वाटेत ती जे बोलली ते सगळं सांगण्यासारखं नाही. व्यंकटी ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला की आता चाकं बदलली तर वाडी हसेल, पोळा होऊ दे, जत्रा होऊ दे, मग बघू. ते ऐकल्यावर चांगुणाबाई गप्प झाली. ती बोलत असते तोवर बरं असतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी. वर्षभर ज्या खांद्यानं ओढलं त्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि बैलाला आवतन द्यायचं, उद्या जेवायला या म्हणून. दिवस कलताना व्यंकटी नवं धोतर नेसून, वाटीत लोणी-हळद कालवून गोठ्याकडं आला. त्यानं हात पुढं केला तसा हरण्या मागं सरकला. व्यंकटीनं पुन्हा हात नेला. हरण्यानं दाव्याला हिसका दिला. शेजारची माणसं आपापल्या दारातून बघत होती.

चांगुणाबाई मध्ये येऊन उभी राहिली. तिनं त्याच्या हातातली वाटी काढून घेतली.

"आवतन मागून द्या," ती म्हणाली. "आदी जू उचला. एका बोटानं."

गाडी अंगणातच होती. तिनं दुपारीच कॅन पाण्यानं भरून त्यात ठेवले होते. व्यंकटीनं इकडंतिकडं पाहिलं. हसण्यावारी न्यावं असं त्याच्या मनात आलं असेल, पण तिच्या तोंडाकडं बघून त्याला हसू आलं नाही. त्यानं बोट घातलं. मग हात. मग दोन्ही हात लावून जू वर घेतलं. तेवढ्यात तिनं जुवाखालचं टेकण पायानं सारलं आणि म्हणाली, आता खांद्यावर घ्या. टेकायला जागा उरली नव्हती आणि बघायला सगळी वाडी होती. त्यानं घेतलं.

ओट्यावर बसलेली कस्तुराबाई काठी टेकत उठली. सगळ्यांना वाटलं, म्हातारी आता लेकाची बाजू घेणार. ती म्हणाली, "मलाबी बशिवा. मीबी रोजचं वज्जं हाय त्यातलं." मग दोन बायकांनी तिला स्टुलावरून वर चढवलं, आणि ती बरोबर पुढच्या कडेला जाऊन बसली. व्यंकटीचे गुडघे वाकले.

चांगुणाबाईनं घाई केली नाही. ती पाखऱ्याजवळ गेली, त्याचा खांदा मळला, त्याला आवतन दिलं. मग हरण्या खाली बसला तशी त्याच्याजवळ बसली. जखमेच्या कडेकडेनं, बोटाच्या शेंड्यानं ती लोणी लावत राहिली आणि बैलानं मान तिच्या मांडीवर टाकली. मागं व्यंकटीचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. मानेच्या शिरा ताणलेल्या, नवं धोतर घामानं भिजलेलं.

"चांगुणे," तो म्हणाला, "ठिवू का खाली?"

तिनं मान वळवली नाही. "हरण्यानं कदी इचारलं व्हतं का तुमाला?"

व्यंकटीनं जू खाली ठेवलं नाही. तिनं दोन्ही बैलांचं पुरं केलं, हात धुतले, आणि मग स्वतःच येऊन जुवाखाली टेकण लावलं.

दुसऱ्या दिवशी पोळा. शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल वेशीकडं निघाले होते. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्यामुळं व्यंकटी ती दोन चाकं स्वतःच ढकलत बन्सीधरच्या घराकडं निघाला. एक चाक थोडं पुढं न्यायचं, भिंतीला टेकवायचं, परत येऊन दुसरं न्यायचं. मानेवर लाल वळ उठलेला, आणि रस्त्यात सगळी वाडी. हसलं कुणी नाही, पण वाट सगळ्यांनी करून दिली. चांगुणाबाई दारात हरण्याच्या शिंगाला गोंडा बांधत होती. नवरा समोरून जाताना तिनं मान वर केली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "वाढवा की जरा धाव."