आईची ओळ झेलताना

सायखेड्यात आमची स्वतःची जमीन नव्हती. आई आणि चुलती दिवसभर दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत राबायच्या आणि संध्याकाळी कुणाच्या घरी हळद असली की गाणी म्हणायला जायच्या. आई ओळ म्हणायची, चुलती ती झेलून पुन्हा म्हणायची. घरातला पहिला पदवीधर मी, हे आजही ताठ मानेनं सांगतो. ही गाणी रेकॉर्ड करायची, असं मी दर सुट्टीत म्हणायचो. म्हणता म्हणता चुलती गेली.

मग नाशिकच्या फ्लॅटमध्ये मी माइक आणला आणि आईचा बारीक झालेला आवाज उचलायला, माइकचा आवाज वाढवणारा वेगळा प्रीअँपही घेतला. त्याची वायर मी कॉम्प्युटरला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसच्या माइकच्या सॉकेटमध्ये खुपसली. तिथं आवाज दुसऱ्यांदा वाढला आणि पार फाटला.

आईनं हेडफोन काढला. "माझा गळाच गेला रे. लय उशीर केला तू."

"गळा नाय गं, वायर चुकली."

वायर मागच्या, आवाज न वाढवणाऱ्या लाइनच्या सॉकेटमध्ये लावली, तसा आवाज स्वच्छ आला. तरी आई एका ओळीनंतर थांबली.

"आता काय झालं?"

"झेलायला कोण हाय? हे एकटीनं म्हणायचं गाणं नाय."

"मी झेलतो."

"तू? कॉलेजात हळदीची गाणी शिकवली का तुला?"

मी झेललं, बेसूरच. ऐकताना दर ओळीला चुलतीची उणीव कळते. पण हळदीचं एक गाणं, आईच्या आवाजात, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रेकॉर्ड झालं.